मोडीतील संक्षेप आणि संपादकाचे दायित्व : एक समीक्षा

प्रस्तावना

लघुरूपांचा विषय निघाला की आजकालची चर्चा बहुधा भ्रमणध्वनीवरील संदेशांपाशी येऊन थांबते. तरुण पिढी शब्द अर्धवट लिहिते, आद्याक्षरांवर काम भागवते व त्यामुळे भाषेची हानी होते, अशी तक्रार शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येते. या तक्रारीत तथ्य किती हा वेगळा प्रश्न आहे; परंतु ही सवय नवी आहे, ही समजूत मात्र इतिहासाला धरून नाही. अठराव्या शतकात पुण्याच्या दफ्तरांत बसून ज्या कारकुनांनी मराठी राज्याचा कारभार कागदावर उतरविला, त्यांच्या लेखनात लघुरूपे पावलोपावली आढळतात. मुक्कामासाठी 'मु॥', परगण्यासाठी 'प॥', तर्फेसाठी 'त॥', किल्ल्यासाठी 'कि॥', राजश्रीसाठी 'रा॥' अशी ही लघुरूपे आहेत. शब्दाचे आद्याक्षर लिहावयाचे, त्यापुढे एक वा दोन उभ्या रेघा ओढावयाच्या आणि उरलेला शब्द वाचणाऱ्यावर सोपवावयाचा, अशी ही पद्धती होती.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे वर्णन करण्यापुरते न थांबता, मोडी कागदपत्रे बाळबोधीत आणून छापताना या संक्षेपांचे काय झाले याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. संक्षेप उलगडणे हे लिप्यंतराचे यांत्रिक काम नसून तो अर्थनिर्णय आहे. आणि अर्थनिर्णय वाचकाला न सांगता करणे हे संपादनशास्त्राच्या दृष्टीने सदोष आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

संक्षेपाचे स्वरूप आणि कारणे

मोडी ही त्वरेने लिहिण्यासाठी सिद्ध झालेली लिपी. लेखणी शक्यतो न उचलता लिहिता यावे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आड येऊ नये, शिरोरेघ आधीच ओढून घ्यावी, या तिच्या सर्वपरिचित वैशिष्ट्यांमागे वेग हेच सूत्र आहे. संक्षेप हे त्याच सूत्राचे पुढचे पाऊल होय. सरकारी पत्रात, हिशेबात व सनदेत काही शब्द प्रत्येक ओळीत येतात. मौजे, कसबे, तर्फ, परगणे, प्रांत, मजकूर, रुपये हे शब्द दिवसातून शेकडो वेळा लिहावे लागत. जो शब्द सर्वाधिक वेळा येतो तो सर्वांत आखूड करावा, हा व्यवहारी नियम येथे आपोआप पाळला गेलेला दिसतो. विरळ येणारे शब्द, व्यक्तींची नावे आणि वादाचा मुद्दा मात्र पुरता लिहिला जाई. म्हणजे कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये याचे भान या लेखकांना होते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत लेखन गूढ करण्याचीही परंपरा आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर येते आणि किल्ली हाती नसलेल्यास मजकूर वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हाच हे वाङ्मय पंथाबाहेरील अभ्यासकांना खुले झाले. मोडीतील संक्षेपाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. सांकेतिक लिपी परक्या वाचकाला दूर ठेवण्यासाठी असते, तर संक्षेप ओळखीच्या वाचकावर विश्वास ठेवून लिहिला जातो. 'प॥' लिहिणाऱ्या कारकुनास काहीही लपवावयाचे नव्हते. समोरचा वाचक आपल्याच पेशातला आहे, याची त्यास खात्री होती.

परंतु काळ लोटला की या दोन्हींचे फलित एकच होते. मेस्तक नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गदर्शिका, वडिलांच्या हाताखाली केलेली उमेदवारी आणि दफ्तरातील रोजचा सराव यांतून संक्षेपाचे ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तरी मोडी चालू राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती शालेय शिक्षणातून व रोजच्या व्यवहारातून जवळजवळ नाहीशी झाली आणि ज्या वाचकावर विश्वास ठेवून संक्षेप लिहिले गेले तो वाचकच उरला नाही. अशा वेळी कोणाशीही लपवाछपवी न करता लिहिलेला मजकूर गूढलिपीसारखा होऊन बसतो.

एका खुणेचे अनेक अर्थ

संक्षेपाची अडचण दोन स्तरांवर उद्भवते. पहिला स्तर खुणेचा आहे. मराठी हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. त्यानुसार '१।' म्हणजे सव्वा, '१॥' म्हणजे दीड आणि '४॥' म्हणजे साडेचार. याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या की संक्षेप दर्शवितात आणि वाक्याच्या शेवटी आल्या तर विरामही दर्शवू शकतात. 'रु॥ ४॥' या चिमुकल्या नोंदीत पहिल्या दोन रेघा 'पये' या अक्षरांच्या जागी आहेत, तर दुसऱ्या दोन रेघांची किंमत अर्धा रुपया आहे. सरावलेल्या वाचकास यात घोटाळा होत नसे, कारण खूण अक्षरापुढे आहे की अंकापुढे हे तो पाहत असे. परंतु कागद भिजलेला असेल, शाई पसरली असेल वा ओळ जुळवून लिहिलेली असेल, तर हा आधार सुटतो. शिवाय उभी रेघ काना म्हणूनही वाचली जाऊ शकते. छापील साधनांत एकच संक्षेप कोठे 'प॥' असा तर कोठे 'पा।' असा उतरतो, त्याचे मूळ या संदिग्धतेत आहे.

दुसरा स्तर शब्दाचा आहे. 'ता॥' हे लघुरूप घेतले तर त्यामागे तालुके असू शकते, तागाईत असू शकते आणि तारीखही असू शकते. यांपैकी 'तागाईत' म्हणजे 'पर्यंत'. कालावधी सांगताना आरंभासाठी 'इस्तकबील' व शेवटासाठी 'तागाईत' असा जोड येतो आणि त्याची लघुरूपे अनुक्रमे 'इ॥' आणि 'ता॥' अशी होतात. समजा, एखाद्या इजाऱ्याच्या कागदात 'इ॥' या खुणेनंतर एक साल व 'ता॥' या खुणेनंतर दुसरे साल आले. जाणकार वाचक त्याचा अर्थ अमुक सालापासून तमुक सालापर्यंत असा घेईल. 'इ॥' कडे दुर्लक्ष करून 'ता॥' चा उलगडा 'तारीख' असा करणाऱ्या वाचकास मात्र मुदत दिसणारच नाही. त्यास केवळ एक दिनांक दिसेल. एका अक्षराच्या वाचनाने करार किती वर्षांचा होता हेच बदलून जाते.

तीच गोष्ट 'मा॥' या रूपाची. 'मजकूर' म्हणजे वर उल्लेखिलेले गाव, परगणा वा साल. 'मशारनिल्हे' म्हणजे वर उल्लेखिलेली व्यक्ती. दोन्ही शब्द एकाच आद्याक्षराने सुरू होतात व दोहोंची आखूड रूपे प्रचारात होती. एखाद्या ओळीत देणे गावाकडे आहे की माणसाकडे आहे, हा प्रश्न अशा अक्षरावर अवलंबून असेल तर उलगडा करणाऱ्याची जबाबदारी किती मोठी आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कालगणनेतही असेच आहे. चांद्र महिन्याच्या तिथीपूर्वी येणारे 'छ' हे अक्षर चंद्र या शब्दाचे लघुरूप मानले जाते आणि सुहूर सनाचे अंक अरबी शब्दांत लिहिले जातात. 'तिसा सबैन मया व अलफ' म्हणजे नऊ, सत्तर, शंभर व एक हजार मिळून सुहूर ११७९. इसवी सनात १७७८-७९. येथे शब्द पुरते लिहिलेले आहेत, तरीही किल्लीवाचून वाचकाचा मार्ग अडतो. मग जेथे शब्दही पुरता नाही तेथील अवस्था काय असेल, याची कल्पना करता येते.

आजच्या व्यवहारातील एक साधे उदाहरण हा मुद्दा अधिक स्पष्ट करील. पत्रारंभीच्या 'स. न. वि. वि.' या अक्षरांतील पहिले अक्षर कोणी 'सप्रेम' असे वाचतो, कोणी 'सविनय' असे. दोन्ही वाचने रूढ आहेत, परंतु लिहिणारा व वाचणारा यांचे नाते दोहोंत सारखे नाही. 'गं. भा.' ही दोन अक्षरे लग्नपत्रिकांतून दीर्घकाळ वावरली. राज्य शासनाच्या स्तरावर २०२३ साली 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्दप्रयोग योजण्याचा विचार पुढे आला, तेव्हा त्यावर टीका झाली. आद्याक्षरांच्या आड जे बोचत नव्हते ते पूर्ण शब्दात बोचू लागले. संक्षेप उलगडताना अर्थाबरोबर सामाजिक दृष्टीही उघडी पडते, ती अशी.

पाणिनीय परंपरेचा दाखला

संक्षेप संदिग्ध झाला तर तो टाकून द्यावा की समजून घ्यावा, हा प्रश्न आपल्या शास्त्रपरंपरेने फार पूर्वी हाताळला आहे. पाणिनीची सुमारे ४,००० सूत्रे प्रत्याहार आणि संज्ञा यांवर उभी आहेत. चौदा शिवसूत्रांतील एक वर्ण व त्यापुढील एक खुणेचा वर्ण घेऊन मधल्या सर्व वर्णांचा बोध करून देणे, हे प्रत्याहाराचे तंत्र. 'अच्' या एका अक्षरात सर्व स्वर येतात, 'हल्' मध्ये सर्व व्यंजने येतात. वर्णांची यादी पुन्हा पुन्हा देण्याचा खटाटोप वाचतो आणि नियम ओठांवर राहतो.

या काटेकोर रचनेतही एक जागा संदिग्ध आहे. 'ण्' हा खुणेचा वर्ण शिवसूत्रांत दोनदा येतो, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्या सूत्राच्या शेवटी. त्यामुळे 'अण्' म्हटल्यावर कोणत्या 'ण्' पर्यंत जावयाचे, असा प्रश्न निर्माण होतो. महाभाष्यात पतंजलीने तो उघडपणे चर्चेला घेतला आहे. परंपरेचा निर्णय असा, की 'अण्' एक अपवाद वगळता पहिल्या 'ण्' पर्यंत घ्यावा आणि 'इण्' नेहमी दुसऱ्या 'ण्' पर्यंत घ्यावा. या निर्णयामागे जे तत्त्व आहे ते पुढे परिभाषा म्हणून स्थिर झाले. संदेह उत्पन्न झाला एवढ्यावरून शास्त्रवचन निरर्थक ठरत नाही, व्याख्यानाच्या साहाय्याने विशेष अर्थ निश्चित करावा, असा तिचा आशय आहे. काशीत राहिलेल्या नागेशभट्टांनी आपल्या परिभाषेन्दुशेखरात तिचे विवेचन केले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ ते १८८१ या काळात संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी तो ग्रंथ संपादून इंग्रजीत आणला.

या दाखल्यातून प्रस्तुत विषयास दोन गोष्टी मिळतात. एक, संक्षेपाची किल्ली लेखनात नसून व्याख्यानपरंपरेत असते. म्हणून परंपरा टिकविल्यावाचून संक्षेप टिकत नाही. दोन, वैयाकरणांनी संदेह कोठे आहे हे लपविले नाही. मूळ सूत्र जसेच्या तसे ठेवले आणि निर्णय भाष्यात स्वतंत्रपणे मांडला. एखाद्या टीकाकाराने 'अण्' काढून त्याच्या जागी वर्णांची यादीच सूत्रात घातली असती, तर पुढील पिढ्यांना त्या निर्णयाची तपासणी करता आली नसती. सूत्र आणि भाष्य यांतील ही सीमारेषा मोडी साधनांच्या संपादनात किती पाळली गेली, हे पाहणे क्रमप्राप्त आहे.

मुद्रित संपादनांची चिकित्सा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रकाशात आणण्याचे श्रेय ज्या पिढीला जाते तिचे ऋण अपार आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून साधनखंडांचे प्रकाशन आरंभिले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. या विद्वानांना व त्यांच्या सहकाऱ्यांना मोडी वाचणे आपल्या रोजच्या अक्षराइतके सहज होते. त्यांनी केलेला उलगडा हा आज स्वतंत्र पुराव्याच्या योग्यतेचा आहे, कारण जिवंत लेखनपरंपरेशी त्यांचा थेट संबंध होता.

तथापि मराठी साधनग्रंथांचा एकत्रित विचार केला असता संक्षेपांबाबत एकवाक्यता आढळत नाही. काही ठिकाणी संक्षेप रेघांसह छापला आहे व त्याचा अर्थ वाचकाने लावावयाचा आहे. काही ठिकाणी पूर्ण शब्द घातला आहे व मुळात संक्षेप होता याची खूणही ठेवलेली नाही. पहिल्या पद्धतीत आजचा वाचक अडतो, दुसरीत तो अडत नाही, परंतु आपण मूळ कागद वाचत आहोत की संपादकाचा निर्णय, हे त्यास कळत नाही. या दोहोंत दुसरा दोष अधिक गंभीर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अडलेला वाचक निदान विचारणा करतो. न अडलेला वाचक संपादकाचे मत हाच पुरावा समजून त्यावर पुढील इमारत रचतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की प्रत्येक ओळीत येणारे 'मु॥' व 'प॥' खुणांसह उलगडत बसल्यास पृष्ठ वाचनीय राहणार नाही. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. ज्या संक्षेपाचा त्या संदर्भात एकच अर्थ संभवतो, त्यांची यादी ग्रंथारंभी देऊन ते मूळ रूपात ठेवले तरी चालेल. प्रत्येक स्थळी खूण हवी ती जेथे दोन अर्थ संभवतात तेथे. दुसरा आक्षेप छपाईच्या साधनांचा आहे. खिळ्यांच्या काळात संक्षेपाची रेघ, विरामदंड व अपूर्णांकाची रेघ यांसाठी निरनिराळे खिळे जुळविणे खर्चाचे होते. त्या काळापुरता हा आक्षेप रास्त होता. आज तो उरलेला नाही. युनिकोडच्या २०१४ मधील ७.० या आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला, तेव्हा दंड व दुहेरी दंड यांच्याखेरीज मोडीच्या संक्षेपचिन्हास स्वतंत्र स्थान देण्यात आले. कारकुनाच्या मनात जो भेद होता व खिळ्यांत जो पुसला गेला, तो संगणकीय लेखनात पुन्हा नोंदविता येतो.

पाश्चात्त्य अभ्यासक्षेत्रात हा प्रश्न संकेताने सोडविला गेला आहे. लॅटिन व ग्रीक शिलालेखांत संक्षेप विपुल आहेत. त्यांच्या संपादनासाठी १९३१ मध्ये लायडन येथे समान चिन्हे ठरविण्यात आली. मुळात नसलेली, पण संक्षेप उलगडण्यासाठी संपादकाने घातलेली अक्षरे गोल कंसात येतात. कागद वा शिळा नष्ट झाल्याने तर्काने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात येतात. त्याच धर्तीवर 'प(रगणे)' किंवा 'ता(गाईत)' असे छापले तर वाचन अडत नाही आणि मूळ रूपही लोपत नाही. उपाय इतका साधा असूनही मराठी साधनग्रंथांत तो सार्वत्रिक होऊ नये, ही खेदाची बाब आहे.

आजचे प्रयोजन

हा वाद केवळ संपादकांपुरता आहे असे समजणे योग्य नव्हे. पुणे पुराभिलेखागारातील रुमालांत बांधलेले कागद कोट्यवधींच्या संख्येत आहेत आणि त्यांतील छापला गेलेला अंश अत्यल्प आहे. वतन, इनाम, जमिनीची मालकी, देवस्थानांचे हक्क यांसंबंधीच्या दाव्यांत मोडी कागद आजही पुढे येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने समिती नेमली आणि कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुन्या दफ्तरांची तपासणी सुरू झाली, तेव्हा मोडी वाचकांची निकड साऱ्या महाराष्ट्राला जाणवली. अशा नोंदवहीत जातीच्या वा गावाच्या रकान्यात केवळ आद्याक्षर असेल, तर त्याचा उलगडा कोणी केला, कोणत्या आधारे केला आणि दुसरा अर्थ संभवत होता काय, हे प्रश्न एखाद्या कुटुंबाच्या भवितव्याशी निगडित होतात. लिप्यंतराच्या प्रतीत पूर्ण शब्द दिसत असेल आणि मूळ आद्याक्षर दिसत नसेल, तर ना अर्जदारास दाद मागता येईल ना अधिकाऱ्यास पडताळणी करता येईल.

दुसरीकडे, हस्तलिखित मोडी यंत्राकडून वाचवून घेण्याचे प्रयत्न सुरू आहेत. यंत्राला शिकविण्यासाठी जी जोडी वापरावयाची, म्हणजे मूळ कागदाचे चित्र व त्याचे बाळबोध रूप, तीत संक्षेप मुकाट्याने उलगडलेले असतील तर यंत्रही 'ता॥' या आकृतीचा कोणतातरी एक ठरावीक शब्द करावयास शिकेल आणि तो शब्द लाखो पानांवर तितक्याच निःशंकपणे उमटवील. माणसाची चूक एका पानावर राहते. यंत्राला शिकविलेली चूक दफ्तरभर पसरते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतील. संक्षेप म्हणजे वाचविलेली अक्षरे नव्हेत. लेखकाने आपल्या समकालीन वाचकाच्या ज्ञानावर केलेली ती उचल होय. वाचकवर्ग नाहीसा झाला की ती उचल फेडण्याचे दायित्व संपादकावर येते. ते फेडताना मूळ खूण कायम ठेवावी, उलगडलेली अक्षरे कंसात द्यावीत, संदिग्ध स्थळी पर्यायी वाचन तळटीपेत नोंदवावे आणि ग्रंथारंभी संक्षेपांची सूची जोडावी. लिप्यंतर न्यायालयीन वा शासकीय कामासाठी असल्यास मूळ आद्याक्षराची नोंद सक्तीची असावी.

महाविद्यालयीन स्तरावर याबाबत करण्याजोगे पुष्कळ आहे. मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग अनेक ठिकाणी चालतात, परंतु त्यांचा भर बहुधा अक्षरओळखीवर राहतो. मुळाक्षरे आली म्हणजे मोडी आली, असे नाही. इतिहास, मराठी व वाणिज्य या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील दफ्तरांत आढळणाऱ्या संक्षेपांच्या सूची संदर्भांसह सिद्ध केल्या, तर एका पिढीपुरती तरी ही किल्ली हाती राहील. पेशवे दफ्तरातील कारकुनास आपला वाचक कोण आहे हे ठाऊक होते, म्हणून तो निर्धास्तपणे दोन रेघा ओढून पुढे गेला. त्या दोन रेघांमागील शब्द जाणणारी माणसे आज मोजकी उरली आहेत. ती आहेत तोवर हे काम व्हावयास हवे.